झालं ना? मग खडू आण!

पुण्यातल्या एका मराठी शाळेत चौथी ‘ब’च्या वर्गात गणिताचा तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली, की दुसऱ्या बाकावरून एक हात वर जातो. “बाई, झालं.” फळ्यावर उदाहरणं असतात बारा. बाई स्वतः अजून चौथ्या उदाहरणात हातचा घेत असतात. त्या मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात, वर्गातल्या उरलेल्या एक्कावन्न खाली घातलेल्या माना बघतात आणि म्हणतात, “झालं ना? मग जा, खडू आण.”

मुलगी खडू आणते. खडू झाले की डस्टर झटकून आणते. डस्टर झालं की हजेरीपट ऑफिसात पोचवते, येताना पाचवीच्या बाईंचा निरोप आणते आणि त्या निरोपाचं उत्तर द्यायला परत जाते. वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी दिवसभर नेमकं काय करते याचा कुणी हिशेब मांडला असता, तर शाळेला तिच्या नावानं भविष्यनिर्वाह निधी कापावा लागला असता.

घरी हे कळलं ते योगायोगानं.

“आज गणितात काय शिकवलं गं?”

“माहीत नाही. मी खडू आणत होते.”

“रोज?”

“रोज नाही काही. बुधवारी डस्टर.”

वडील बँकेत अधिकारी. कागदाची पोच घेतल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही. आई एका महाविद्यालयात ग्रंथपाल. कुठल्याही प्रश्नावर कुठलं तरी पुस्तक असतंच, अशी तिची श्रद्धा. त्या रात्री वडिलांनी एक नवी फाईल काढली, तिच्यावर ठळक अक्षरात ‘शाळा’ असं लिहिलं आणि पहिलं पान कोरं लावलं. आईनं पुस्तकं आणली. आजोबा सोफ्यावरून म्हणाले, “एवढं काय त्यात? आम्ही तर मास्तरांच्या घरचं पाणी भरायचो.” आजोबांचं बोलणं फाईलला लावता येत नसल्यामुळे ते तसंच राहिलं.

पहिली अडचण शब्दाचीच निघाली. शाळेत जाऊन म्हणायचं काय? “आमची मुलगी हुशार आहे” असं मराठी माणूस स्वतःच्या तोंडानं म्हणत नाही, शेजाऱ्याकडून म्हणवून घेतो. ‘प्रज्ञावान’ म्हटलं की सत्काराची शाल आठवते. ‘कुशाग्र’ हा शब्द फक्त निबंधात आणि श्रद्धांजलीत भेटतो. ‘गिफ्टेड’ म्हटल्यावर आजोबांनी विचारलं, “कुणी दिलं?” बोलीभाषेत अशा मुलांसाठी एकच रुळलेला शब्द आहे, तो म्हणजे ‘आगाऊ’. आगाऊ रकमेचं बँक हसतमुखानं स्वागत करते, हे वडिलांना ठाऊक होतं. आगाऊ मुलाचं शाळेत काय होतं, ते आता कळायचं होतं.

शेवटी बराच खल होऊन ठरलं, की “ती जरा वेगळी आहे” असं म्हणायचं.

पालकसभेला वडील चौथीच्या बाकात शिरले. शिरण्याचा भाग जमला. बाईंनी हाक मारल्यावर उठायची वेळ आली तेव्हा बाकही त्यांच्याबरोबर उठला आणि पुढच्या पालकांच्या पाठीला लागला. तशा अर्धवट अवस्थेत ते म्हणाले, “बाई, आमची मुलगी जरा वेगळी आहे.”

बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला. “अहो, आधी सांगायचं ना! काही औषध चालू आहे का?”

आईनं घाईघाईनं खुलासा केला, की तसं नाही, तिला गणित लवकर येतं. बाईंचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला. त्यांनी वह्यांच्या गठ्ठ्यातून एक वही ओढून काढली. “लवकर येतं ना? मग हे बघा.”

उदाहरण असं होतं: एका पडद्याला साडेतीन मीटर कापड लागतं, तर नऊ पडद्यांना किती? बाकी वर्गानं पानभर गुणाकार मांडला होता. या वहीत उत्तराच्या जागी नुसतं ‘३१॥ मीटर’ एवढंच होतं. त्याभोवती लाल शाईचं मोठं वर्तुळ, आणि शेजारी दोन शेरे. ‘स्टेप्स कुठे आहेत?’ आणि ‘दोन दंड कशाला?’

गुन्हेगार घरातच होता. आजोबांनी दुपारच्या वेळी नातीला औटकी शिकवली होती. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. पूर्वीच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी अशी सगळी फौज तोंडपाठ करून घेत. साडेतीन म्हणजे औट, आणि औट नवाचे साडेएकतीस. ते लिहायची जुनी पद्धतही आजोबांचीच. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन रेघा म्हणजे अर्धा. दुकानदारांच्या चोपड्या याच रेघांवर चालायच्या. मुलीला ती भलतीच आवडली, कारण दशांश चिन्हापेक्षा त्यात शाई जास्त लागते पण विचार कमी.

“उत्तर बरोबर आहे ना पण, बाई?”

“उत्तर बरोबर आहे. पण कसं आलं ते तिनं लिहिलंच नाही.”

“तिला पाठ आहे.”

“पाठ असून कसं चालेल? समजलं पाहिजे.”

हे म्हणताना बाईंच्या मागच्या भिंतीवर दोन ते तीसचे पाढे लावलेले होते. त्याखाली ‘रोज म्हणा’ अशी सूचना होती.

बाई वाईट नव्हत्या, हे इथंच सांगितलेलं बरं. शिक्षण हक्क कायदा प्राथमिक वर्गात तीस मुलांमागे एक शिक्षक म्हणतो. चौथी ‘ब’ त्या कायद्याच्या नजरेतून सुटली असावी, कारण तिथं बावन्न मुलं. शिवाय कधी मतदारयादी, कधी सर्वेक्षण, कधी कुठलीशी माहिती ‘आज चारपर्यंत’ ऑनलाइन भरून द्यायची. अशा बाईंपुढे दहा मिनिटांत ‘झालं’ म्हणणारं मूल म्हणजे, स्वयंपाक अर्धा झालेला असताना पानावर येऊन बसलेला पाहुणा. त्याला काहीतरी हातात देऊन उठवणं भाग असतं. खडू त्यातल्या त्यात निरुपद्रवी.

पण फाईल उघडली होती. वडील पर्यवेक्षिकाबाईंकडे गेले. पर्यवेक्षिकाबाई उत्साही होत्या. “काही काळजी करू नका. आपण तिला जास्तीचं काम देऊ.” दुसऱ्या दिवसापासून, बारा उदाहरणं झाली की तिला आणखी बारा मिळू लागली. आधीची होती त्याच जातीची, फक्त पडद्यांच्या जागी उशांचे अभ्रे. मुलीनं पहिल्या दिवशी ती केली. दुसऱ्या दिवशी केली. तिसऱ्या दिवशी तिच्या ध्यानात आलं, की या दुकानात लवकर काम करणाऱ्याला पगारवाढ मिळत नाही, नुसतं काम वाढतं. सरकारी नोकरीतली माणसं हे शिकायला पाच-सात वर्षं घेतात. तिला तीन दिवस लागले. चौथ्या दिवसापासून ती पस्तीस मिनिटांत अकरा उदाहरणं करू लागली आणि उरलेल्या वेळात खिडकीतून गुलमोहराच्या शेंगा मोजू लागली.

महिनाअखेरीस प्रगतिपुस्तकात शेरा आला: ‘आता वर्गाबरोबर चालते. चांगली सुधारणा.’

आई हे वाचून दोन दिवस गप्प होती. तिला रामानुजन आठवत होता. कुंभकोणमच्या कॉलेजात त्यानं गणितापुढे बाकीच्या विषयांकडे पाहिलंच नाही आणि त्यापायी शिष्यवृत्ती घालवली. आईची भीती वेगळीच होती. आपली मुलगी सगळ्या विषयांत व्यवस्थित पास होईल आणि मग काहीच होणार नाही.

याच सुमारास दुसरं प्रकरण उपटलं. शाळेतून फोन आला, “ताबडतोब या.” दोघं धावत गेली. मुख्याध्यापिकाबाईंनी पुढ्यात एक वही ठेवली. तिच्यात पानंच्या पानं गाड्यांचे नंबर.

“तुमची मुलगी मधल्या सुट्टीत पार्किंगमध्ये उभी राहून स्टाफच्या गाड्यांचे नंबर लिहून घेते. शिक्षक घाबरलेत. कुणी म्हणतं वाहतूक पोलिसांशी संबंध आहे.”

पुण्यात गाडीचा नंबर कुणी लिहून घेतला तर माणूस आधी हेल्मेट चाचपतो, त्यामुळे शिक्षकांना दोष देता येत नाही. मुलीला बोलावलं. ती म्हणाली, “मी पोलीस नाही. मी कापरेकर करते.”

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही, नुसता आकड्यांचा नाद. १९४९ साली त्यांना एक गंमत सापडली. चार आकडी कुठलीही संख्या घ्यायची, चारही अंक एकच नसले म्हणजे झालं. अंक मोठ्याकडून लहान असे मांडायचे, मग उलटे मांडायचे, आणि मोठीतून लहान वजा करायची. उत्तराचं पुन्हा तेच करायचं. फार तर सात फेऱ्यांत गाडी ६१७४ या स्टेशनात येऊन थांबते, आणि मग कितीही ढकला, हलत नाही. आपल्याकडच्या पंडितांनी या नादाकडे बरीच वर्षं नाक मुरडून पाहिलं. मग १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं आणि देवळालीचे मास्तर एकदम थोर झाले. आपला माणूस परदेशाहून पोच आल्यावरच मोठा होतो, हे वडिलांच्या फाईलच्या तत्त्वाला धरूनच होतं.

“मॅडम, तुमच्या गाडीचा १९७१ आहे ना? तुमची फार पटकन पोचते,” मुलगी म्हणाली.

मुख्याध्यापिकाबाईंनी आजूबाजूला पाहिलं आणि नकळत पेन उचललं. ९७११ वजा ११७९, आले ८५३२. ८५३२ वजा २३५८. आले ६१७४. त्या खुर्चीत जराशा पुढे सरकल्या. त्यांनी मग स्वतःहून ड्रॉवर उघडला, भावाच्या गाडीचा नंबर आठवला, तोही करून पाहिला. पाच मिनिटं त्या खोलीत फक्त पेनाचा आवाज होता. टेबलावरचा फोन एकदा वाजला, त्यांनी तो न बघता ठेवून दिला. आईला वाटलं, जिंकलो.

“छान आहे हो,” मुख्याध्यापिकाबाई पेनाला टोपण लावत म्हणाल्या. “पण हे अभ्यासक्रमात कितवीला आहे?”

वडील तयारीनं आले होते. त्यांनी फाईल उघडली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभा असलेल्या विद्यार्थ्यांवर स्वतंत्र परिच्छेद आहेत. अशा मुलांना नेहमीच्या अभ्यासक्रमापलीकडचं साहित्य द्यावं, विषयवार मंडळं काढावीत, असं त्यात म्हटलंय. वडिलांनी त्याखाली पिवळ्या शाईच्या रेघा ओढल्या होत्या.

“धोरण आहेच,” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. “धोरणाबद्दल आमची काही तक्रार नाही. परिपत्रक कुठाय?”

“निदान गणिताच्या तासाला तिला वरच्या वर्गात बसवता येईल का? टेरेन्स ताओला तसंच बसवलं होतं.”

“कशाला?”

“ताओला.”

“हां, एकच ताव पुरे. अर्ज एकाच तावावर करा, दोन्ही बाजूंनी लिहू नका.”

ऑस्ट्रेलियात ॲडलेडला वाढलेल्या त्या मुलाची गोष्ट आईनं लायब्ररीतून शोधून आणली होती आणि ती गोष्ट खरंच सांगण्यासारखी आहे. त्यालाही साडेतीन वर्षांचा असताना शाळेत घातलं, तेव्हा काही आठवड्यांत परत घरी आणावं लागलं. पुढे आईवडिलांनी आणि शाळांनी मिळून त्याला प्रत्येक विषयात जिथं तो होता तिथं बसवलं. आठव्या वर्षी तो हायस्कूलच्या गणितात होता, बाकीच्या काही विषयांत आपल्या लहान सवंगड्यांत. १९८६ साली, जेमतेम अकराव्या वर्षात असताना, त्यानं आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये कांस्यपदक घेतलं, पुढच्या वर्षी रौप्य, त्याच्या पुढच्या वर्षी सुवर्ण. २००६ साली फील्ड्स पदक. हे सगळं मुख्याध्यापिकाबाईंना सांगायचं होतं. पण त्या आता समासाबद्दल बोलत होत्या. डावीकडे दीड इंच.

अर्ज गेला तो लिपिकबाईंकडे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “विषय काय टाकलाय? ‘अतिरिक्त शैक्षणिक गरजा’? पोर्टलवर तसा कॉलम नाही. दिव्यांग आहे, स्थलांतरित आहे, शाळाबाह्य आहे. हुशार नाही.”

“मग कशात टाकायचं?”

“शाळाबाह्य चालेल का? वर्गात नसतेच ना म्हणे.”

एवढं तर्कशुद्ध वाक्य त्या इमारतीत महिन्याभरात कुणी बोललं नव्हतं.

समुपदेशकबाई दर दुसऱ्या गुरुवारी येत. त्यांची खोली म्हणजे प्रथमोपचाराची खोली. त्यामुळे चाचणी चालू असताना एक गुडघा फुटलेला मुलगा आयोडीन लावून घेत होता, आणि तो शेवटपर्यंत तिथंच थांबून उत्तरं सुचवत होता. पहिला प्रश्न होता: सफरचंद, केळं, पेरू, गाजर. यातलं वेगळं कोणतं? मुलगी म्हणाली, “पेरू.” बाईंनी उत्तरपत्रिकेत पाहिलं. गाजर होतं. त्यांनी शून्य टाकलं. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, पेरू का? ती म्हणाली, “चौघांत तेवढाच नकाशात आहे.”

चाळणीचं हे असंच असतं, कुणीही विणली तरी. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मन यांनी १९२१ साली कॅलिफोर्नियातली अतिबुद्धिमान मुलं शोधायला सुरुवात केली. बुद्धिमापन चाचणी लावून दीड हजारांच्या आसपास मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांचा माग ठेवला. पुष्कळ जण प्राध्यापक, वकील, डॉक्टर झाले. नोबेल मात्र एकालाही मिळालं नाही. चाचणीत कमी पडले म्हणून ज्यांना घेतलं नव्हतं, त्यांतल्या दोघांना मिळालं, आणि दोन्ही पदार्थविज्ञानात. १९५६ साली विल्यम शॉकली यांना, १९६८ साली लुईस अल्वारेझ यांना. तेव्हाही कुणीतरी पेरू म्हणालं असणार.

सदाशिव पेठेतल्या ज्ञान प्रबोधिनीचं नाव अर्थातच आठ जणांनी सुचवलं. अप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ही संस्था काढली तीच मुळी बुद्धिमान मुलांकडे वेगळं लक्ष द्यायचं म्हणून, आणि १९६९ साली तिची प्रशालाही सुरू झाली. पण तिथला प्रवेश पाचवीपासून. म्हणजे चौथीच्या मुलीचं वर्षभर काय करायचं, हा प्रश्न होता तिथंच. “तोपर्यंत स्कॉलरशिपला बसवा,” सोसायटीतल्या काकू म्हणाल्या. चौथी-सातवीची ती परीक्षा २०१६-१७पासून पाचवी-आठवीला गेली, आणि आता पुन्हा चौथी-सातवीकडे वळली आहे. या येरझाऱ्यांत मुलांपेक्षा क्लासवाल्यांची बुद्धी जास्त तल्लख झाली. एका क्लासच्या फलकावर लिहिलेलं होतं, ‘आपला पाल्य जन्मतः हुशार नसला तरी चालेल.’ निदान हे प्रामाणिक होतं.

मधल्या काळात बातमी फुटली. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी टाकलं, ‘चौथी ब मधल्या एका मुलीला शाळा काहीतरी एक्स्ट्रा देते आहे. आपल्या मुलांवर अन्याय का?’ काय देते आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं. खरं तर अजून काहीच दिलेलं नव्हतं. पण एक्स्ट्रा हा शब्द पुरेसा असतो. पाणीपुरीच्या गाडीपाशी शेवटची सुकी पुरी मागताना जो आवाज लागतो, तो आवाज ग्रुपवर लागला. पंधरवड्यात ऑफिसात एकोणीस अर्ज आले. चौथी ‘ब’मध्ये बावन्नपैकी वीस मुलं प्रज्ञावान निघाली.  एका वडिलांनी लिहिलं, ‘आमचा चिरंजीव गणितात नापास होतो. आइनस्टाइनही होत असे.’ आइनस्टाइन नापास होत नसे. पंधरा वर्षांचा व्हायच्या आत तो कलनशास्त्र शिकून मोकळा झाला होता. पण ही श्रद्धा एवढ्या घरांना आधार देते, की ती खोटी ठरवणारा माणूस निर्दय ठरतो.

आपल्या नायिकेच्या आईवडिलांनाही या अर्जांचा राग आला, हे नमूद केलं पाहिजे. “ह्यांची मुलं कसली प्रज्ञावान!” वडील म्हणाले. आई म्हणाली, “तो अठ्ठेचाळीस नंबरचा तर अजून बुटाची नाडी बांधत नाही.” आजोबा सोफ्यावरून म्हणाले, “आपली बांधते का?” सगळ्यांनी कोपऱ्यातल्या बुटांकडे पाहिलं. चिकटपट्टीचे होते.

आजोबांची स्वतःची एक आघाडी तेव्हा वेगळीच चालू होती. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची नवी रीत आली, गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या आणि महाराष्ट्रभर वादळ उठलं. आजोबांनी तेव्हापासून तो वाद जिवंत ठेवला आहे. “सत्तावीसला वीस सात म्हणायचं? उद्या सत्तावन्न पन्नास सात!” नात शांतपणे म्हणाली, “ते बरंय की आजोबा. तुम्ही सत्ताविशीत आधी सात म्हणता आणि लिहिताना दोन आधी लिहिता. म्हणजे तुमच्याच स्टेप्स उलट्या आहेत.” आजोबा तेव्हापासून औटकी जरा हळू आवाजात म्हणतात.

तर, एकोणीस अर्जांनी शाळा हादरली. मुख्याध्यापिकाबाईंनी हिशेब केला, की एका मुलीला काही दिलं तर एकोणीस जण येतील, आणि काही नाही दिलं तर हे बँकवाले गृहस्थ रोज येतील. रोज येणारा माणूस एकदा येणाऱ्या एकोणीस जणांना भारी पडतो, हे सगळ्या कार्यालयांचं अनुभवसिद्ध गणित आहे. निर्णय झाला. मुलीनं गणिताच्या तासाला सहावी ‘अ’मध्ये बसावं. ‘प्रायोगिक तत्त्वावर’ असे दोन शब्द पुढे जोडले गेले. वडिलांनी पोच घेतली आणि त्या रात्री घरी श्रीखंड झालं.

वेळापत्रक कुणी पाहिलं नव्हतं. चौथीला गणित असतं तेव्हा सहावीला खेळाचा तास असतो, आणि सहावीला गणित असतं तेव्हा चौथीला चित्रकला. त्यामुळे मुलगी चौथीचं गणित संपवून, सहावीच्या मुलांची कबड्डी संपेपर्यंत जिन्यात बसून, मग चित्रकला सोडून सहावीत जाऊ लागली. सहावीच्या बाकावर तिचे पाय जमिनीला टेकेनात. सरांनी पायाखाली दोन जुने शब्दकोश दिले. “अय्या, बाळ!” म्हणून मुलींनी गाल ओढले. पण गणित खरं होतं. पूर्णांक संख्या होत्या, शून्याच्या खाली जाणाऱ्या. मुलगी पहिल्या दिवशी घरी आली ती उणे पाचावर बोलतच. जेवताना बोलली, झोपेत बोलली. आई दाराशी उभी राहून ऐकत होती. तिनं ते पुस्तकात वाचलं होतं, पण घरात पहिल्यांदाच ऐकत होती.

आठवडा बरा गेला. दुसऱ्या आठवड्यात मुलगी रडत घरी आली.

“काय झालं? सर रागावले?”

“नाही.”

“गणित अवघड जातंय?”

“नाही!”

“मग?”

“सर मला खडू आणायला पाठवतच नाहीत. म्हणतात, तू पाहुणी आहेस, बस. बाईसुद्धा आता दुसऱ्याच मुलीला पाठवतात. म्हणतात, तू आता मोठ्या वर्गातली.”

आईवडिलांनी एकमेकांकडे पाहिलं. फाईल टेबलावर होती, आता तिला दोऱ्याची गाठ बसत नव्हती.

हळूहळू उलगडा झाला. खडू ठेवतात जिन्याखालच्या कोठीत. कोठीची किल्ली शिपाईमामांकडे. मामांकडे स्कॉलरशिपचं एक जुनं पुस्तक आहे. त्यांच्या मुलाच्या वेळचं, आणि तो मुलगा आता स्वतः दोन मुलांचा बाप आहे. पुस्तकाची शेवटची पानं, म्हणजे नेमकी उत्तरांची, वाळवीनं खाल्ली. तेव्हापासून मामांना ती कोडी छळतायत. शाळेतल्या एकाही शिक्षकाला त्यांनी विचारलं नाही, कारण शिक्षकांना विचारलं की ते म्हणतात, आता वेळ नाही. मग ही मुलगी खडूला येऊ लागली. रोज एक कोडं. मामा पेटीतून पांढरे खडू मोजून देईपर्यंत ती फरशीवर खडूनं सोडवायची, म्हणून शाळेत खडू जास्त लागायचे. ऑफिसात याबद्दल चौकशीही चालू होती.

शेवटचं कोडं अर्धवट राहिलं होतं. कोंबडा पाच रुपयांना एक, कोंबडी तीन रुपयांना एक, पिल्लं रुपयाला तीन. शंभर रुपयांत बरोबर शंभर आणायची. तर प्रत्येकी किती? हे शंभराचं कोडं फार जुनं आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितातही शंभर नाण्यांत शंभर पक्षी घ्यायचे आहेत, तिथं कबुतरं, सारस, हंस आणि मोर आहेत. आपल्याकडे येईतो भाव उतरून कोंबड्या झाल्या.

“मला तीन उत्तरं आली,” मुलगी डोळे पुसत म्हणाली. “चार कोंबडे, अठरा कोंबड्या, अठ्ठ्याहत्तर पिल्लं. नाहीतर आठ, अकरा, एक्क्याऐंशी. नाहीतर बारा, चार, चौऱ्याऐंशी. मामा म्हणाले, उत्तर एकच असतं, पुस्तकात एकच ओळ होती. मी म्हटलं, कोंबडा घेतलाच नाही तर चौथंपण आहे. पंचवीस कोंबड्या आणि पंचाहत्तर पिल्लं. तर मामा म्हणाले, कोंबडा नाही घेतला तर पहाटे उठवणार कोण? आणि तेवढ्यात घंटा झाली. मला त्यांना सांगायचंय की घड्याळानं उठता येतं.”

वडिलांनी कागद ओढला. चार पाचे वीस, अठरा त्रिक चोपन्न, चौऱ्याहत्तर झाले. अठ्ठ्याहत्तर भागिले तीन, सव्वीस. शंभर. त्यांनी दुसरं पडताळलं, मग तिसरं. पाचवं उत्तर निघतं का हे बघायला त्यांनी नवीन पान घेतलं. साडेअकराला आईनं येऊन दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी ते शाळेच्या ऑफिसात उभे होते. हातात एक ताव, एकाच बाजूनं लिहिलेला, डावीकडे दीड इंच समास. लिपिकबाईंनी विषय मोठ्यांदा वाचला. “‘पाल्यास आठवड्यातून किमान तीन वेळा खडू आणण्यास पाठवणेबाबत.’”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग काही न बोलता शिक्का मारला, पोच फाडून दिली आणि रजिस्टर उघडून विचारलं, “पांढरे की रंगीत?”